लग्नाची दुरुस्ती

११ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा फिलूबरोबर मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, आत बसलो. आजवर बायकोला तिच्या कॅथलिक चर्चच्या फाटकाशी सोडायचं, आपण कोपऱ्यावर चहा घेत पेपर वाचायचा आणि मिस्सा सुटली की घरी आणायचं, असा आमच्यात तह होता. मी लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, ती कॅथलिक. तहाला कधी तडा गेला नाही. पण आता तिचे गुडघे पायऱ्या चढायला तयार नाहीत, हात धरायला कोणीतरी लागतं. हात धरून आत नेल्यावर पुन्हा चहाला पळणं बरं दिसत नाही.

गाणी आमच्यापेक्षा चांगली म्हणतात. हे तिला सांगितलेलं नाही.

पुढे जाऊन परमप्रसाद घ्यायची वेळ झाली, सगळा बाक उठला. फिलू बसूनच. लोकांना वाट द्यायला गुडघे आत ओढू लागली, ते वळेनात. शेवटी एक बाई तिला ओलांडूनच गेली. मला वाटलं दुखतंय म्हणून उठत नाही. म्हटलं, चल, मी नेतो पुढे.

"मी घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. म्हणजे लग्नाच्या वेळी कधीतरी बोलणं झालं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि शेजारी बसून बघणं...

१२ जानेवारी, सोमवार

डोक्यातून जात नाही. आमचं लग्न बाबांनी लावलं, छिंदवाड्याकडे, त्यांच्या लुथरन मंडळीत. बाबा तिथले पाळक. फिलूच्या चर्चचा नियम असा की कॅथलिक माणसाने आपल्या फादरसमोर लग्न करायचं, नाहीतर बिशपांची परवानगी काढायची. आम्ही दोन्ही केलं नाही. तिच्या वडिलांनी त्यांच्या फादरांकडे शब्दच टाकू दिला नव्हता, मग परवानगी कोण काढणार. म्हणजे त्यांच्या हिशेबी आमचं लग्न लागलेलंच नाही. आम्ही नुसते एकत्र राहतो, आणि तसं राहणाऱ्याला परमप्रसाद नाही. रूथ झाली, तिचं शिक्षण झालं, माझी पाटबंधारे खात्यातली नकाशे काढायची नोकरी संपली, फिलूची हॉस्पिटलातली संपली, आणि आम्ही आपले एकत्रच राहतो आहोत.

मेथी निवडत होती. विचारलं, इतकी वर्षं नुसतं बसून राहायचं, वाईट नाही वाटलं?

"रोज नाही वाटत. रविवारी वाटतं."

आणि मेथी निवडत राहिली. मी उठून गॅलरीत गेलो.

१८ जानेवारी, रविवार

दुपारी फादर जेरोम घर आशीर्वादित करायला आले. नवे आहेत, तरुण, संगमनेरकडचेच निघाले. फिलूला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पाणी शिंपडत माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी आले, लुथरन गीतांचं पुस्तक बघून हसले आणि तिथे जरा जास्तच शिंपडलं. मनुष्य बरा आहे.

मी चहा करत होतो. बाहेरचं ऐकू येत होतं. फादरांनी विचारलं असावं. फिलू सांगत होती की मार्चमध्ये गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, वय झालंय, भूल देतात, काही सांगता येत नाही. "त्याच्या आधी मला प्रसाद घ्यायचा आहे, फादर."

हे तिने त्यांना सांगितलं. मला कधीच नाही. चहा उतू गेला.

२० जानेवारी, मंगळवार

फादरांनी बोलावलं होतं म्हणून चर्चच्या ऑफिसात गेलो. ते नव्हते. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "म्हणजे लग्नाची दुरुस्ती." आणि चिठ्ठीवर लिहून दिलं : विवाह दुरुस्ती, भालेराव.

येताना द्वारका चौकातल्या दुकानात मिक्सर टाकला. तिथेही चिठ्ठी मिळाली : मिक्सर दुरुस्ती, भालेराव. दोन्ही एकाच खिशात.

घरी आल्यावर दोन्ही फिलूपुढे ठेवल्या. म्हटलं, मिक्सर शुक्रवारी मिळेल, लग्नाचं काही सांगितलं नाही. इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग मी म्हटलं, मी हे करणार नाही. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त कसलं करायचं?

हसणं थांबलं. म्हणाली, बरं. हिचं "बरं" मला भांडणापेक्षा जड जातं.

२३ जानेवारी, शुक्रवार

मिक्सर आला. चांगला चालतोय.

कागदावर मांडून बघतो. त्यांना हवंय ते असं : आम्ही दोघांनी फादर आणि दोन साक्षीदारांसमोर पुन्हा उभं राहायचं आणि पुन्हा हो म्हणायचं. त्या क्षणापासून आमचं लग्न. म्हणजे आदल्या क्षणापर्यंत काय? बाबा त्या दिवशी नवा कोट घालून उभे होते, मी हो म्हणालो, ती रडत हो म्हणाली, ते काय होतं? नाटक?

बाबांचं म्हणणं नेहमी असं की विधी दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. लग्न त्यात नाही. लग्न म्हणजे शेतीसारखं, स्वयंपाकासारखं, या जगातलं काम. देव त्याला आशीर्वाद देतो, पण ते स्वर्गातलं नाही. रोमवाल्यांनी दोनाचे सात केले, लग्नालाही संस्कार करून बसले आणि मग त्या संस्काराला इतकी कुलपं लावली की त्यांनाच किल्ल्या सापडत नाहीत. बाबा हे मोठ्या मजेने सांगत. मीही तसंच सांगत आलो.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा आत बसलो. या वेळी ओलांडायला नको म्हणून तिला बाकाच्या आतल्या टोकाला बसवलं. आता लोकांना वाट द्यायला मी गुडघे ओढतो.

संध्याकाळी पुण्याहून रूथचा फोन. तिला सगळं आईकडून कळलेलंच होतं. माझं व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हीच ना म्हणता लग्न ही जगातली गोष्ट? मग एखाद्या ऑफिसने पुन्हा उभे राहा म्हटलं तर राहा. कोर्टाने पुन्हा सही करा म्हटलं तर करताच की. तुम्ही तर कॅथलिकांपेक्षा कॅथलिक निघालात."

मी म्हटलं की आवाज नीट येत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

मिस्सेनंतर हॉलमध्ये कुटुंबांसाठी सभा होती. फिलू बसली म्हणून मीही बसलो. विषय : मोडलेली लग्नं, पुन्हा केलेली लग्नं आणि परमप्रसाद. मागे एका पोपसाहेबांच्या पत्रात यावर एक तळटीप आली म्हणे, आणि तिच्यावरून सगळ्या जगातले कॅथलिक अजून भांडताहेत. मी जन्मभर नकाशांखाली बारीक अक्षरात टिपा लिहिल्या, कोणी वाचल्यासुद्धा नाहीत. हे लोक एका टिपेवर वर्षानुवर्षं भांडतात. सुरुवातीला मजा वाटली.

एक गृहस्थ म्हणाले, नियम सैल केला तर उरेल काय? दुसरे म्हणाले, मग दयेचं काय? शेवटच्या रांगेतली एक बाई उठली. नवरा मारायचा म्हणून सोडला, दुसऱ्याशी कोर्टात लग्न केलं, आता दोन पोरं आहेत. म्हणाली, "मला बरोबर-चूक ठरवून नको. आत यायचं की नाय तेवढं सांगा." फादर जेरोम तिच्याजवळ जाऊन बसले आणि सभा बरीच लांबली.

आमच्यात असं असतं तर? पाळकसाहेबांनी तिला प्रार्थना करून दिली असती, दुसरं लग्न लावलं असतं, सगळे जेवून घरी. मला ते नेहमी आमचं मोठेपण वाटायचं. आज पहिल्यांदा वाटलं की हे लोक निदान तिच्याबद्दल भांडत तरी आहेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सभेचं रूथला फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "माझं पहिलं लग्न मोडलं ना पप्पा, तेव्हा आपल्या मंडळीत कोणी चकार शब्द काढला नाही. सगळे इतके चांगले वागले की मला वाटायचं, कोणीतरी विचारा, काय झालं होतं ते. दुसऱ्या लग्नाच्या वेळीसुद्धा पाळकसाहेबांनी फक्त तारीख विचारली."

मीसुद्धा विचारलं नव्हतं. आज विचारलं. फोन गरम होईपर्यंत बोलत होती.

८ फेब्रुवारी, रविवार

फिलूला चालवेना. त्यात बाळ येशूच्या यात्रेसाठी नाशिकरोडला आतापासून गर्दी, आणि कुंभाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेत. रिक्षावाले नको म्हणतात. मिस्सा मोबाइलवर लावून दिली. परमप्रसादाच्या वेळी तिने डोळे मिटले, ओठ हलत होते. ज्यांना घेता येत नाही त्यांनी प्रसाद मनानेच घ्यायचा, त्यासाठी एक प्रार्थना आहे. तोंडपाठ. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता.

मला तिची फार माया आली. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फादर जेरोमना एकटाच जाऊन भेटलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी दुरुस्ती शब्दाबद्दल आधीच माफी मागून टाकली, त्यामुळे निम्मी तयारी वाया.

मग म्हणाले, "काका, दुसरा एक मार्ग आहे. तुम्हाला उभंच राहायला नको." बिशपांकडे अर्ज करायचा. तुमचा दोघांचा पहिल्या दिवशीचा शब्द अजून टिकून आहे एवढं दिसलं की बिशप त्या लग्नाला मुळापासून बरं करतात. मागच्या तारखेपासून. पुन्हा हो म्हणणं नाही, समारंभ नाही. काही वेळा तर दुसऱ्या पक्षाला सांगतसुद्धा नाहीत.

मुळापासून बरं करणं. हा शब्द मला आवडला. म्हणजे बाबांच्या देवळातला तो हो खरा होता, हे रोमनेच कबूल केल्यासारखं. मी विचारलं, मग इतकी वर्षं हे कोणी सांगितलं का नाही? फादर म्हणाले, आधीच्या कोणी सांगितलं असेल, नसेल, माहीत नाही. काकूंना विचारा.

रिक्षात बसल्यावर मीच मनाशी हसत होतो. लुथरन जिंकले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हरलो. फिलूला या मार्गाची माहिती आधीपासून होती. रूथ शाळेत असताना एका फादरांनी सांगितलं होतं. म्हणाले होते, नवऱ्याला कळणारही नाही. तिने नको म्हटलं.

का? तर म्हणे, "तुम्हाला न सांगता आपलं लग्न बरं करायचं? ते काय औषध आहे, भाजीत कालवून द्यायला?"

बरं, तेव्हा नको होतं. आता तर मी सांगून सवरून तयार आहे. आता का नको? तर म्हणे, कागदावर नको, एवढंच. दोन वेळा विचारलं. शेवटी म्हणाली, तुम्हाला उभं राहायचं नसेल तर राहू दे, ऑपरेशन तसंच करू.

मला काही कळत नाही. परमप्रसाद हवा, मार्ग आहे, सोपा आहे. ही अवघडच धरून बसली आहे. हट्टी मी आहे अशी या घरात इतके दिवस समजूत होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख घेऊन आली. पुसायची नसते. तशीच भाकरी करायला बसली, आता उभ्याने जमत नाही म्हणून ओट्याशी उंच स्टूल ठेवलंय.

तव्याकडे बघत बोलली. आमच्या लग्नात डाव्या बाजूचे बाक रिकामे होते. मला आठवत होतं, पण असं नव्हतं आठवत. उजवीकडे आमची मंडळी दाटीवाटीने, डावीकडे कोणी नाही. शेवटी माझ्या आईने दोन मावश्यांना उठवून डावीकडे बसवलं, रिकामं दिसू नये म्हणून. फिलूच्या वडिलांनी सांगितलेलं होतं की आपल्या देवळात लागलं नाही म्हणजे लग्न लागलंच नाही, आणि जो जाईल त्याने परत यायचं नाही. थोरला भाऊ अंतोन हिचा लाडका. तो येईल असं तिला बाबांच्या देवळाच्या पायरीपर्यंत वाटत होतं.

"मला बिशपांच्या कागदावर लग्न नकोय. मला माझ्या बाजूला माझं माणूस बसलेलं पाहिजे."

एवढंच होतं. आणि मी जानेवारीपासून हिच्यापुढे विधी दोन की सात ते मांडतोय.

२२ फेब्रुवारी, रविवार

अंतोनभाऊंना फोन केला. वडील गेल्यापासून येणंजाणं आहे, दिवाळी-नाताळला बोलणं होतं, पण लग्नाचा विषय दोन्हीकडून कधी निघाला नाही. मीच काढला. फिलूच्या ऑपरेशनच्या आधी चर्चमध्ये छोटासा विधी आहे, तुम्ही साक्षीदार म्हणून याल का?

ते म्हणाले, "दाजी, मी तवाबी निघालो व्हतो. मनमाडपर्यंत आलो. गाडी आली, हुबी राह्यली, गेली. बसलो नाय. बापाची लय भीती व्हती." मग म्हणाले, "येतो. कधी यायचं ते सांगा."

फिलूला येणार एवढंच सांगितलं. मनमाडचं त्यांनीच सांगावं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तर उभं राहायचं ठरलं. फादरांना कळवलं. शनिवार, १४ मार्च, संध्याकाळी, मिस्सेशिवाय. आम्ही, अंतोनभाऊ, रूथ. दुसऱ्या दिवशी रविवारी फिलू प्रसाद घेईल. बुधवारी ऑपरेशन.

रविवारी मी मात्र बसून राहणार. लुथरनांना तिथे घेता येत नाही. ती जाईल आणि मी गुडघे ओढीन. फिलूला हे म्हटलं तर तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग कळेल." रागाने नाही म्हणाली.

१ मार्च, रविवार

एक अडचण राहिलीच. आज फादरांना मोकळेपणाने सांगितली. म्हटलं, उभा राहीन, हो म्हणेन. पण आजपासून लग्न लागतंय असं मनात आणता येणार नाही. तसं आणलं तर बाबांसमोर दिलेला शब्द मी परत घेतल्यासारखं होईल. आणि न आणता नुसतं म्हटलं तर ते तुमच्याशी खोटं.

त्यांनी थट्टेवारी नेलं नाही. म्हणाले, नियम नवा शब्द मागतो, जुन्याची उजळणी त्याला चालत नाही. जुना खोटा होता असं तुम्ही म्हणा, असं मी सांगणार नाही. पण नवा द्यायचा तो नवा म्हणूनच द्या, मनापासून, मोकळेपणी. ते मोकळेपणीवर फार भर देत होते. धाक नको, भीड नको, सवय म्हणूनही नको. हे लोक कुठलं लग्न खरं, कुठलं नाही यावर एवढे वाद घालतात, त्याच्या तळाशी हेच आहे म्हणे : त्या वेळी त्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक होती का.

मला वाटलं, माझ्या बाबतीत त्याची चर्चा कशाला? मी तेव्हाही मोकळा होतो, आजही आहे.

७ मार्च, शनिवार

आमचे पाळकसाहेब मुंबईहून आले होते. आमची नाशिकची मंडळी मूठभर, ते अधूनमधून येतात. प्रभुभोजनानंतर त्यांना विचारलं, असं केलं तर मी आपल्या शिकवणीला धरून राहतो का? ते म्हणाले, भालेराव, बायको पुन्हा लग्न करायला तयार आहे, जा आणि करा, मला लाडू पाठवा. सगळे हसले.

मीही हसलो. पण रूथ म्हणाली होती ते आज समजलं. मला वाटत होतं, त्यांनी दोन प्रश्न विचारावेत.

१२ मार्च, गुरुवार

अंतोनभाऊ आले. हातात काठी, पिशवीत गावची बाजरी आणि शेंगा. फिलू दारात उभी राहिली, उभं राहवत नसताना. मग ती म्हणाली, हात-पाय धुऊन घे, जेवायला वाढते.

जेवताना त्यांनीच मनमाडचं काढलं. फिलूने घास खाली ठेवला. त्यांना वाटलं आता ही बोलेल, मलाही वाटलं. ती उठली, त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तिथेच, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. भाऊ रडत जेवले.

१३ मार्च, शुक्रवार

रूथ दुपारी आली. मामा-भाची टेरेसवर. फिलू साडीला इस्त्री करत होती, त्याच उंच स्टुलावर बसून. मी सहज म्हटलं, तेव्हा म्हणालो तेच तर उद्या पुन्हा म्हणायचं आहे, पण फादरांनी फारच तयारी करून घेतली बुवा.

"तुम्ही तेच म्हणा. मी तेच नाही म्हणणार."

म्हणजे?

इस्त्री उभी केली. म्हणाली, "तुमच्या बाबांनी मला विचारलं, तेव्हा मी हो म्हणाले. खरं हो म्हणाले, मला तुम्ही हवे होतात. पण नाही म्हटलं असतं तर जाणार कुठे होते? घरचं दार बंद. सगळं देऊळ तुमच्या माणसांनी भरलेलं. मला हो म्हणण्याशिवाय जागाच नव्हती. तुम्हाला होती, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. आता माझी पेन्शन आहे. रूथ आहे. भाऊ आलाय. आता मला विचारा."

आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. पदराची घडी चुकली, पुन्हा घातली.

बाबांच्या देवळातला तो दिवस, त्यात एकच जण मोकळा होता. आणि इतके दिवस मी काळजी केली ती फक्त माझ्या "हो"ची. माझा हो नवा की जुना, लुथरन की कॅथलिक. हिचा हो मी धरूनच चाललो होतो.

१४ मार्च, शनिवार

दुपारचे चार. सगळे तयार होताहेत. अंतोनभाऊंनी दाढी केली, हनुवटीला कापलं, रूथने कापूस लावला. माझं शर्टाचं वरचं बटण लागत नाही. बाबांच्या वेळी पहिल्या झटक्यात लागलं होतं.

फिलू निऱ्या चापून घेत होती. इस्त्री केलेली तीच साडी, पोपटी. फार छान दिसते. ते तिला सांगितलं. मग विचारलं, म्हटलं, उद्याच्या प्रसादाचं सगळं ठरलंय, ऑपरेशनची तारीख ठरली आहे, पण आज काय म्हणणार आहेस?

पिन तोंडात होती. ती काढली, पदराला लावली, आरशात नीट बसली का बघितलं.

"विचारतील तेव्हा सांगेन."

आणि हसली नाही. मी तिचा चेहरा नीट बघितला, थट्टा आहे का ते शोधत. इतक्या वर्षांत तिचं उत्तर काय असेल हे मला माहीत नाही असं कधी झालं नव्हतं.

रिक्षा खाली आली. रूथ हाका मारते आहे. ती भावाचा हात धरून जिना उतरायला लागली आहे, एक एक पायरी. मी मागून येतो म्हटलं. बटण अजून लागायचं आहे.